ओढ्यावर पूल मागताय? नळ्या, बॉक्स, स्लॅब की लोखंडी, आधी हे बघा

पुलाचा विषय निघाला की ग्रामसभेत एकच मागणी असते, उंच पूल द्या. पण उंचीच्या आधी ओढा पावसाळ्यात काय काय वाहून आणतो ते बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

नळ्यांची मोरी, म्हणजे ओढ्यात गोल पाइप टाकून वरून रस्ता, सगळ्यात स्वस्त आणि झटपट. शेतातल्या बारीक ओहोळाला चालून जाते. पण वरून ओंडके, झुडपं, उसाचं पाचट येत असेल तर मोठ्या पुरात नळ्या तुंबतात, पाणी बाजूचा भराव फोडून निघून जातं आणि मोरी जागेवर, रस्ता गायब. आमच्याकडं दोनदा झालंय हे, दोन्ही वेळा पोरांची शाळा बुडाली, म्हणून जीव तोडून सांगतोय.

बॉक्स मोरीत तळ, भिंती, वरचा स्लॅब सगळं एकसंध काँक्रीट, वजन पसरतं म्हणून मऊ मातीतही बसते, आणि तोंड मोठं असल्यानं कचरा पुढं जातो. फक्त तळाचं काँक्रीट जिथं संपतं तिथं पाणी खड्डा पाडतं, त्यामुळं तिथं खोल आडवी भिंत आणि दगडी पिचिंग (दगड रचून केलेलं अस्तर) हवंच, ते इस्टिमेटमधून कापू देऊ नका.

खाली कातळ लागत असेल तर स्लॅबचा पूल, म्हणजे खांबांवर टेकवलेला काँक्रीटचा सपाट स्लॅब, उत्तम. साधा स्लॅब साधारण 10 मीटरच्या गाळ्यापर्यंत (दोन खांबांमधलं अंतर) परवडतो, त्यापुढं स्लॅबखाली गर्डर, म्हणजे जाड तुळया लागतात.

लोखंडी पूल पटकन उभा राहतो, नदीत सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतताना खालून द्यायचा तात्पुरता आधार, लावायला नको. पण कोकणच्या खाऱ्या हवेत रंगकाम चुकलं की गंज धरतो, आणि ते दरवेळी कोण करणार हे आधी ठरवा.

फरशी पूल म्हणजे ठेंगणा पूल, पुरात पाणी वरून जाणारच. पूर दोन-चार तासांत ओसरत असेल आणि दवाखान्याला दुसरा रस्ता असेल तरच घ्या.

जुना दगडी कमानीचा पूल असेल तर वरून धडधाकट दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. कमानीचा पाया पाण्याखाली असतो, तपासणी तिथं व्हायला पाहिजे, नुसतं वरून डांबर टाकून काय होणार.

आमच्या ओढ्याला मी स्लॅबच मागेन, खर्च जास्त असला तरी. आणि 2019, 2021 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारून झाडावर, देवळाच्या भिंतीवर रंगानं खूण करून ठेवा, सर्व्हेला साहेब उन्हाळ्यात येतात तेव्हा ओढा कोरडा असतो.