पाणी नितळ दिसतं म्हणजे ते चांगलं असतंच असं नाही : पहिल्या फिशटँकचे आठ महिने

टँक ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच. हिशेबाने जवळजवळ ६५ लिटरचा, पण रेती, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी भरतं ५५ लिटरच्या आसपास. आज त्यात १० निऑन टेट्रा (निळ्या रेघेचे मासे) आहेत, ६ कोरीडोरस (तळाशी खाणं शोधणारे मासे) आहेत, तीन जातींच्या वनस्पती आहेत आणि मी न आणलेल्या बऱ्याच गोगलगायी आहेत. आठ महिने झाले. माझा हा पहिलाच टँक. यातली कोणती वस्तू खरंच उपयोगी पडली, कोणती नाही आणि कुठे माझं चुकलं, ते सगळं इथे सांगते.

काच आणि स्टँड यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यात काच, रेती आणि दगड मिळवले तर या आकाराचा टँक सहज ८० किलोच्या घरात जातो. तो एकदा भरला की हलवायचा नाही, म्हणून जागा आधीच ठरवायची. पृष्ठभाग सपाट हवा आणि खिडकीतलं ऊन थेट पडता कामा नये. काचेखाली फोमची पातळ चटई घातली होती. तिच्यामुळे बारीकसारीक उंचसखलपणा काचेला जाणवत नाही.

खरी परीक्षा सुरू होते ती पाणी भरल्यानंतर. फिल्टर सुरू झाला, हीटर तापला, दुसऱ्या दिवशी पाणी इतकं नितळ झालं की पलीकडची भिंत स्पष्ट दिसत होती. त्याच दिवशी मासे आणावेत असं फार वाटलं. आणले नाहीत, आणि आठ महिन्यांतला माझा सर्वांत चांगला निर्णय तोच होता.

मासे श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं तरी अमोनियाच तयार होतो. नव्या टँकमध्ये तो संपवणारं कुणी नसतं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, आणि ते पाणी बदलून कमी करता येतं. (नायट्रोस्पिरा वंशातले काही जिवाणू हे दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. तोवर या कामाला दोन वेगळे गट लागतातच असं मानलं जात होतं. मला ही गोष्ट फार आवडते.) हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, रेतीच्या कणांवर, काचेवर चिकटून वाढतात, आणि फार सावकाश वाढतात.

म्हणून माशांशिवायच सुरुवात केली. अमोनियम क्लोराइडचं द्रावण टाकून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) आणला आणि एक दिवसाआड टेस्ट किटने मोजत राहिले. पहिला आठवडा काहीच हललं नाही. नवव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा जांभळट छटा आली. पुढचे दोन आठवडे तो जांभळा रंग गडदच होत गेला आणि अमोनिया मात्र रोज शून्यावर येऊ लागला. चौतिसाव्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशी टाकलेला अमोनिया २४ तासांत संपला होता आणि नायट्राइटही शून्य. नायट्रेट भरपूर चढलं होतं, ते अर्ध्याहून जास्त पाणी बदलून उतरवलं. या पाच आठवड्यांत पाणी दिसायला पहिल्या दिवसासारखंच होतं. डोळ्यांना काहीही कळलं नसतं.

त्यामुळे सगळ्या सामानात पहिला क्रमांक मी टेस्ट किटला देते. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. पट्टीवरचे रंग इतके जवळजवळचे असतात की शून्य आणि थोडंसं यांतला फरक ओळखणं मला कधी जमलं नाही, आणि नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो. नायट्रेटच्या चाचणीत दुसरी बाटली वापरण्याआधी जोरात हलवावी लागते, तळाशी बसलेला भाग वर यायला हवा. मी पहिले काही दिवस नीट हलवली नाही आणि चुकीचे, फार कमी आकडे वहीत लिहिले. पीएचची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारी बाटलीही घ्याच. त्याच अमोनियाचा किती भाग खरा घातक रूपात असतो, ते पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर.

हीटर ५० वॅटचा आहे, या पाण्याला पुरतो. पण त्याच्या चकतीवर २५ लिहिलं होतं आणि वेगळ्या थर्मामीटरने पाणी २७ दाखवलं. तेव्हापासून चकतीकडे बघतच नाही, थर्मामीटरकडे बघते, आणि तो हीटरपासून लांब, दुसऱ्या टोकाला लावला आहे. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. गरम काच उघडी पडून त्यावर पुन्हा गार पाणी आलं की ती तडकते. आणि वायरला सॉकेटच्या खाली येईल असा झोळ ठेवायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच टपकतं, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. ही एवढीशी गोष्ट माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत असायला हवी होती.

माहितीपत्रकाचा विषय निघाला म्हणून फिल्टरबद्दल. माझा फिल्टर काचेला आतून चिकटणारा आहे, त्यात दोन स्पंज. यंत्र म्हणून तक्रार नाही, आवाज कमी, प्रवाह पुरेसा. तक्रार आहे ती सोबतच्या कागदाबद्दल. त्यावर स्पंज नियमित स्वच्छ धुवा आणि दर महिन्याला नवा घाला, असं छापलं आहे. पाण्यातले जिवाणू कुठे राहतात ते मी वाचलेलं होतं, तरीही चौथ्या महिन्यात प्रवाह मंदावला तेव्हा दोन्ही स्पंज नळाखाली पांढरे होईपर्यंत धुतले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते असतंच जिवाणू मारायला.

त्या संध्याकाळी टँक कधी नव्हे इतका सुंदर दिसत होता. गाळाचा कण नाही. दुसऱ्या दिवशी कोरीडोरस वारंवार वर झेपावू लागले. हा मासा मुळात अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतोच. त्याच्या आतड्याला त्या हवेतला प्राणवायू शोषून घेता येतो. सुरुवातीला ते बघून मी घाबरले होते, मग सवय झाली होती. त्या दिवशी मात्र एकामागून एक चालले होते. निऑनही पाण्याच्या पृष्ठभागाशी जमले आणि कल्ले भरभर हलत होते. टेस्ट किटच्या नळ्या काढल्या : अमोनिया ०.५ पीपीएम, नायट्राइट १. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनवर परिणाम करतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

आठ दिवस रोज अर्धं पाणी बदललं, प्रत्येक बादलीत क्लोरीन काढणारं औषध घालून, तापमान जुळवून. खाणं जवळजवळ बंद. दोन निऑन गेले. बाराव्या दिवशी दोन्ही आकडे शून्यावर आले. रेतीवर आणि झाडांच्या मुळांवर काही जिवाणू उरले होते म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर पुन्हा पाच आठवडे लागले असते. ते दोन मासे माझ्या हातून गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. आता पाणी बदलताना काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीतच स्पंज पिळते, तोही एकाच वेळी एकच, दुसरा पुढच्या महिन्यात. स्पंज तपकिरी राहतो. तो तपकिरीच असायला हवा.

माशांची निवड बरोबर ठरली असं आता म्हणू शकते. आधी कोरीडोरस आले, दोन आठवड्यांनी निऑन. पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवली, मग टँकमधलं पाणी थोडं थोडं पिशवीत घातलं आणि मासे जाळीने उचलून सोडले, दुकानाच्या पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ दिलं नाही. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी, पालापाचोळ्याने चहासारख्या रंगाचं असतं. तो थव्यात राहणारा मासा आहे. दोन-तीन आणले तर कोपऱ्यात दडून बसतात. पहाटे दिवा लागायच्या आधी त्यांच्या अंगावरची निळी रेघ फिकी, जांभळट असते. दिवा लागल्यावर काही मिनिटांत ती पुन्हा उजळत जाते. त्वचेतले अतिसूक्ष्म स्फटिक प्रकाश परतवतात, त्यातून तो निळा दिसतो. मी आठ महिने रोज बघतेय आणि अजून त्या वेळी टँकसमोर जाऊन बसते.

कोरीडोरससाठी तळ बदलावा लागला. मी आधी जाडसर रंगीत खडी घातली होती. हे मासे तोंडाने रेती उचलतात, त्यातलं खाणं ठेवतात आणि उरलेली रेती कल्ल्यांतून बाहेर टाकतात. खडीत त्यांना हे करताच येत नव्हतं, नुसते वरवर हुंगत फिरायचे. दुसऱ्या महिन्यात खडी हळूहळू, तीन टप्प्यांत काढली आणि बारीक रेती घातली. पहिल्याच दिवशी एकाने डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं. खडीवरचा खर्च वाया गेला, पण सुरुवात करणाऱ्याने थेट रेतीच घ्यावी असं आता ठामपणे सांगता येतं.

वनस्पतींपैकी जावा फर्न आणि अनुबियास यांना जवळजवळ काही लागत नाही, फक्त त्यांचं आडवं जाड खोड रेतीत पुरायचं नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. मी एक अनुबियास पुरला आणि तो कुजला. क्रिप्टोकोरीनची पानं आणल्यावर आठवड्याभरात विरघळल्यासारखी गळून गेली. मुळं तशीच राहू दिली, महिन्याने नवी पानं आली आणि ती टिकली. दिवा रोज सात तास, टायमरवर. दहा तास ठेवला होता तेव्हा काचेवर हिरवं शेवाळ धरायचं. त्याआधी, मासे आल्याच्या सुमारास सगळीकडे तपकिरी थर जमला होता. नव्या टँकमध्ये तो येतोच, पुसत राहिले आणि दीड महिन्यात आपोआप गेला.

गोगलगायी झाडांबरोबर आल्या. आधी मी त्या वेचून काढत होते. मग लक्षात आलं की मी जास्त खाणं टाकलं की त्या वाढतात, कमी टाकलं की संख्या बसते. आता मी त्यांच्याकडे मापक म्हणूनच बघते. एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा, आठवड्यात एक दिवस काहीच नाही. मासे मागतात म्हणून देत राहू नये. ते नेहमीच मागतात.

आठवड्याचं काम पाऊण तासाचं आहे. पाव भाग पाणी नळीने ओढून काढायचं, रेतीवरचा गाळ त्याबरोबर जातो. नव्या पाण्यात औषध, तापमान हाताने नाही, थर्मामीटरने बघायचं. आधी नायट्रेट मोजते. २० पीपीएमच्या वर गेलं तर पाव ऐवजी तिसरा हिस्सा बदलते. वहीत तारीख आणि चार आकडे. अपघाताच्या आठवड्याचं पान त्याच वहीत आहे.

ज्यावर खर्च करायला नको होता : ती खडी, प्लॅस्टिकचा किल्ला (त्याच्या आत पाणी फिरत नाही, गाळ साठतो) आणि पाणी चकचकीत करणारं म्हणून घेतलेलं द्रव. ते एकदाच वापरलं. माझी अडचण पाणी चकचकीत नसण्याची कधीच नव्हती.

एअर पंप मात्र उशिरा घेतला, तो आधीच घ्यायला हवा होता. नायट्राइटच्या त्या दिवसांत हाताशी असता तर खूप मदत झाली असती. आता त्यावर एक छोटा स्पंज फिल्टर मागच्या कोपऱ्यात कायम चालू असतो. या टँकला त्याची गरज नाही. जिवाणू वाढावेत म्हणून ठेवला आहे. निऑन पुन्हा १२ करायचे आहेत, आणि नवे मासे निदान तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवून मगच इथे सोडायचे आहेत. त्या दिवशी हा स्पंज उचलून तिकडे लावला की तिथलं पाणी पहिल्या दिवसापासून माशांसाठी तयार असेल. महिनाभरात तो चांगला तपकिरी झालाय.