हातब्लोअरची कोळसा-भट्टी: तिन्ही हंगाम वापरल्यानंतर

जोडणी अशी: भंगारातला ट्रकचा ब्रेक ड्रम, त्याच्या बुडाला दीड इंची लोखंडी पाइपचा टी, आडव्या तोंडाला गिअरचा हातब्लोअर (हँडलने फिरवायचा हवेचा पंखा), खालच्या तोंडाला राख काढायचे झाकण आणि ड्रमच्या बुडाशी, टीच्या वरच्या तोंडावर, 6 मिमी सळ्यांची जाळी. इंधन लाकडी कोळसा. छंद म्हणून लोहारकाम सुरू करणाऱ्याने हातब्लोअर घ्यावा की मोटरचा, हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर हातब्लोअर. मोटर कमी पडते म्हणून नव्हे, उलट ती जास्तच हवा देते आणि तिथेच नवशिक्याचे लोखंड जळते.

लोखंड तापते कोळशाने, पण त्याला खपल्या धरतात त्या उरलेल्या ऑक्सिजनने. जाळीपासून लोखंडापर्यंत 10 ते 12 सेंमी पेटता कोळसा असेल तर बहुतेक ऑक्सिजन वाटेतच संपतो. थर पातळ आणि हवा भरपूर असली की राखाडी पापुद्रे पडत राहतात आणि सळईचे टोक फुलबाजीसारखे ठिणग्या टाकते. अशा ठिणग्या उडाल्या की ते टोक गेले. तो भाग कापायचाच, ठोकून सांधत नाही. मोटर चालू ठेवून सांडशी शोधायला वळलात तर हे हमखास होते. हातब्लोअरचे हँडल सोडले की आग आपोआप निवते आणि कोळसाही वाचतो.

ब्रेक ड्रम आहे तसा मात्र वापरू नका. तो फार रुंद पडतो, लाकडी कोळसा कडेपर्यंत पेटतो आणि निम्मा फुकट जातो. चिकणमाती आणि वाळू समप्रमाणात कालवून आत वाडग्यासारखा आकार द्यायचा: वर 15-18 सेंमी रुंद, 10-12 सेंमी खोल. लिंपण सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या, मग बारीक आगीवर तापवा. ओल्यावर मोठी आग केली की पोपडे उडतात. त्यात सिमेंट किंवा नदीतले गोटे घालू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. लिंपल्यावर तासाला दोन-अडीच किलो कोळशात काम भागते. तुकडे अक्रोडाएवढे हवेत. भुकटीने हवा कोंडते, मोठ्या तुकड्यांत पोकळ्या राहतात. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो, चटचट उडतो आणि आग चढायला वेळ लागतो, म्हणून मे महिन्यातच भरून झाकणाच्या पिंपात ठेवावा.

आता ब्लोअरच्या तक्रारी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नगाला गिअरच्या डब्यात तेल जवळजवळ नसतेच. दोन-तीन चमचे गिअर ऑइल घातल्याशिवाय फिरवू नका. ते दांड्यापाशी थोडे पाझरत राहते, त्याला इलाज नाही, खाली डबा ठेवा. हँडलचा स्क्रू सैल होतो, तिथे स्प्रिंग वॉशर घाला. पंखा एका बाजूला घासत असेल तर झाकणाचे बोल्ट सैल करून पुठ्ठ्याची पट्टी सरकवा, पुन्हा आवळा, पट्टी काढा. दगडी कोळसा वापरलात तर आणखी एक त्रास आहे: हवा थांबवली की कच्च्या कोळशाचा धूर पाइपमध्ये उतरतो आणि पुन्हा हँडल फिरवताच भक्ककन पेटतो. थांबताना राखेचे झाकण उघडे ठेवले की हे होत नाही.

ब्लोअरवर वाचलेले पैसे ऐरणीत घाला. स्वस्त ऐरण बहुधा बिडाची असते. परीक्षा सोपी: एक इंची बेअरिंगची गोळी 25 सेंमीवरून सोडा. चांगल्या पोलादावर ती 17-18 सेंमी उसळते, बिडावर मलूल बसते. रुळाचा तुकडा भंगारवाल्याकडे दिसला तरी पावतीशिवाय घेऊ नका, रेल्वेचा माल बाळगण्यावर 1966 चा वेगळा कायदा आहे. त्यापेक्षा 150 × 150 × 250 मिमीचा साध्या पोलादाचा भरीव ठोकळा बरा, वजन सुमारे 44 किलो. तो उभा रोवायचा, म्हणजे हातोड्याखाली सगळे वस्तुमान येते. साधे पोलाद मऊ असल्याने त्यावर थंड लोखंड ठोकले की खड्डे पडतात, एवढे सांभाळा. ठोकळ्याचे तोंड मूठ खाली सोडल्यावर बोटांच्या पेरांशी यावे.

हातोडा 800 ग्रॅम ते 1 किलो. नव्या हातोड्याच्या कडा धारदार असतात आणि प्रत्येक घावाला चंद्रकोर उमटते. कानशीने कडा 2 मिमी गोल करा, तोंडही किंचित फुगीर ठेवा. सांडशीची घाई नको: सळई 50 सेंमी लांब ठेवली की दुसरे टोक हातात धरता येते.

पहिले काम म्हणून 10 मिमी चौरस सळईला टोक काढा. नारिंगी-पिवळ्या रंगावर ठोकायचे आणि मंद लाल झाले की थांबायचे. रंग सावलीतच कळतो, उन्हात लोखंड नेहमी थंडच वाटते. आधी चौकोनी टोक, मग कोपरे मोडून अष्टकोन, शेवटी गोल. थेट गोल ठोकत गेलात तर मधला भाग मागे राहतो आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी फट पडते. चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरपा झाला तर बरोबर 90 अंश वळवले जात नाही असे समजा. चांगले तापवून लांब कर्णावर हलके घाव घाला, मग पुन्हा बाजू सपाट करा.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत अजिबात घालू नका, धुराने ताप भरतो. बंद खोलीत किंवा बाल्कनीत भट्टी नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चष्मा आणि सुती कपडे हवेतच. नायलॉन अंगाला चिकटते.

गाडीच्या पाट्यापासून (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीपासून) सुरी करण्याचा मोह पहिल्या महिन्यांत आवरावा. ते पोलाद साध्या सळईपेक्षा बरेच कडक ठोकावे लागते, आणि पाण्यात विझवले तर तडकते. करायचेच झाले तर चुंबक चिकटेनासे होऊन थोडे आणखी तापले की 50-60 अंशांच्या कोमट तेलात बुडवा. मग कानस घसरते का पाहा (घसरली म्हणजे पोलाद कडक झाले), आणि लगेच 200-220 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर, दोनदा. तेलाचे भांडे लोखंडी आणि झाकणाचे असावे. प्लॅस्टिकची बादली चालत नाही.