टँकच्या तळाला काय: लाल माती की अ‍ॅक्वासॉइल?

माशांच्या वीस-पंचवीस लिटरच्या टँकमध्ये झाडं लावायची, तर आधी तळ ठरवा. मासे नंतर.

पन्हाळ्याकडची लाल माती जवळपास फुकट मिळते आणि तिच्यात लोह भरपूर असतं. शेणखत-युरिया न पडलेली घ्या, चाळा, इंचभर पसरा आणि वर तेवढीच धुतलेली वाळू टाका. थर जाड झाला की खाली हवा पोचत नाही, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर चुना आहे, पाणी जड होणार. एक खोड मात्र आहे: रोप उपटलं की सगळा गढूळ रंकाळा!

अ‍ॅक्वासॉइल म्हणजे टँकमधल्या झाडांसाठी बनवलेले मातीचे तयार दाणे. महाग, पण झाडं हलवायला सोपे. पाण्याचा पीएच उतरवतात, सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतात. म्हणून पाणी वारंवार बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढून. मासे घाईने सोडू नका. वर्ष-दोन वर्षांत दाण्यांचा कस उतरतो.

क्रिप्टोकोरिन, व्हॅलिसनेरिया लावणार असाल तर मी लाल मातीच घेईन. गालिचासारखी बारीक झाडं हवीत? मग खिसा सैल करा. नुसतं जावा फर्न, अनुबियास असेल तर दोन्ही नको; लाकडाला दोऱ्याने बांधा.