स्ट्रॅपी, डायरेक्टस की पेलोड? कोल्हापुरातल्या धंद्यासाठी हेडलेस सीएमएस निवडताना

हेडलेस सीएमएस म्हणजे मजकूर साठवून तो एपीआयने (प्रोग्रामला डेटा मागायच्या वाटेने) पुरवणारी यंत्रणा; लोकांना दिसणारी साइट किंवा अॅप, म्हणजे फ्रंटएंड, वेगळं असतं. ती घेण्याआधी एक प्रश्न विचारून ठेवा: दोन वर्षांनी त्यात नवं फील्ड (माहितीचा रकाना) कोण वाढवणार? साइट बांधून देणारा डेव्हलपर बऱ्याचदा पुण्याला नोकरी धरतो. मागे उरतात सर्व्हरचा पासवर्ड आणि पॅनलवर (मजकूर भरायच्या पडद्यावर) बसणारा दुकानातला माणूस. स्ट्रॅपी, डायरेक्टस आणि पेलोड यांच्यातला खरा फरक इथेच दिसतो. एपीआय तिघांचीही चांगली आहे.

नुसती एक वेबसाइट हवी असेल, मोबाइल अॅप किंवा दुसरा कुठला फ्रंटएंड नसेल, तर या वाटेला जाऊच नका. साधं वर्डप्रेस पुरतं. त्यातही 2016च्या 4.7 आवृत्तीपासून रेस्ट एपीआय आहेच. फक्त ते हेडलेस वापरलं की प्रिव्ह्यूचं बटण जुन्या थीमवरच नेतं, आणि मजकूर लिहिणारा माणूस दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येतो.

रचना कुठे साठते

स्ट्रॅपीत कंटेंटची रचना फाइलींत असते. कंटेंट टाइप बिल्डर दिसायला सोपा, पण तो डेव्हलपमेंट मोडमध्येच चालतो. चालू सर्व्हरवर तो बंद. चप्पल लाइनमधल्या दुकानाला कापशी चपलेसाठी ‘तळव्याचे थर’ हे फील्ड हवं झालं, तर लॅपटॉपवर बदल करा, गिटमध्ये (कोडच्या बदलांच्या नोंदवहीत) कमिट करा, बिल्ड करा (कोडमधून चालणारं पॅनल बनवा), रीस्टार्ट करा. हे डेव्हलपरचं काम, दुकानदाराचं नव्हे. त्यात एक वाईट खड्डा आहे. फील्डचं ‘रेट’ हे नाव बदलून ‘प्राइस’ केलं की स्ट्रॅपी त्याला नामांतर मानत नाही. रीस्टार्ट होताना जुना कॉलम काढतो आणि नवा रिकामा बनवतो. दर गेले! आधी नवं फील्ड वाढवा, डेटा हलवा, मगच जुनं काढा.

डायरेक्टसचं उलट आहे. रचना थेट डेटाबेसमध्ये असते आणि चालू पॅनलवरून फील्ड वाढवता येतं. उद्यमनगरातल्या एखाद्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये स्टॉकची टेबलं आधीच असतील, तर डायरेक्टस त्यांच्यावरच बसवता येतो; तो स्वतःची वेगळी टेबलं शेजारी बनवतो. प्रयोग मात्र डेटाबेसच्या कॉपीवर करा, कारण पॅनलवरून केलेला बदल त्याच मूळ टेबलात जातो. दोन कॉलम मिळून प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखायची खूण) असलेली टेबलं त्याला चालत नाहीत. जुन्या बिलिंगच्या डेटाबेसमध्ये ती हमखास सापडतात. चाचणीच्या सर्व्हरवरून रचना हलवायला स्कीमा स्नॅपशॉट (रचनेची उतरवलेली फाइल) आहे, पण त्यात रोल आणि परवानग्या येत नाहीत. त्या वेगळ्या लावाव्या लागतात.

पेलोडमध्ये सगळं टाइपस्क्रिप्ट भाषेतल्या कोडमध्ये. 2024च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो नेक्स्ट जेएसच्या (वेबसाइट बांधायच्या जावास्क्रिप्ट चौकटीच्या) प्रोजेक्टमध्येच बसतो, म्हणजे साइट आणि पॅनल एकाच ठिकाणी, एकाच डिप्लॉयमध्ये. नेक्स्ट जेएस रोज लिहिणारा माणूस हाताशी असेल तर तिघांत हाच सर्वांत सुटसुटीत. असा माणूस नसेल तर याच्या नादी लागू नये. पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला तर डेव्हलपमेंटमध्ये पेलोड टेबलं आपोआप बदलत राहतो, प्रॉडक्शनला (चालू सर्व्हरला) मात्र मायग्रेशन (टेबलं बदलायची लिहून ठेवलेली पायरी) लागतं. दोन्ही एकाच डेटाबेसवर चालवलं की डेटा जाऊ शकतो असा इशारा येतो. तो वाचल्याशिवाय ‘हो’ दाबू नका.

परवाना आणि सर्व्हर

तिघांनाही सरसकट ओपन सोर्स म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. पेलोडला एमआयटी परवाना (हवा तसा वापरायला मोकळा) आहे. स्ट्रॅपीचा मुख्य भागही एमआयटीच, फक्त एंटरप्राइझचा फोल्डर वगळून. डायरेक्टस 2023 मध्ये बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) परवान्यावर गेला: संस्थेची आर्थिक उलाढाल वर्षाला 50 लाख डॉलरच्या आत असेल तर वापर फुकट, असा तो परवाना. दुकानाला काही फरक पडत नाही. शिरोलीतल्या मोठ्या फाउंड्रीने मात्र परवाना आधी वाचावा.

स्ट्रॅपीला किमान 2 जीबी रॅम लागते. स्वस्तातला 1 जीबीचा सर्व्हर घेतला की पॅनलच्या बिल्डलाच मेमरी संपते, कधी प्रोसेस नुसतीच मरते आणि कारणही दिसत नाही. 2 जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) द्या, किंवा बिल्ड दुसऱ्या मशीनवर करून तयार माल सर्व्हरवर न्या. पेलोडचा बिल्डही असाच मेमरी खातो. डायरेक्टसची तयार डॉकर इमेज (लगेच चालवता येणारं सॉफ्टवेअरचं गाठोडं; चालू झालं की तो कंटेनर) मिळते, बिल्डची पायरीच नाही. लहान सर्व्हरवर हा मोठा फायदा आहे.

एनजिनएक्स (बाहेरची मागणी सीएमएसकडे पोचवणारा वेब सर्व्हर) पुढे लावल्यावर पहिली तक्रार ठरलेली: मोबाइलवरून काढलेला चपलेचा फोटो अपलोड होत नाही, 413 (फाइल फार मोठी) येतो. एनजिनएक्सची मूळ मर्यादा 1 एमबी आहे. ती 20 एमबी करा. दुसरं, डॉकरने उघडलेला पोर्ट (सर्व्हरमध्ये शिरायचं दार) लिनक्सवरच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला बगल देतो. डेटाबेसचा पोर्ट उघडायचाच असेल तर 127.0.0.1 वर (फक्त त्याच मशीनला दिसणाऱ्या पत्त्यावर) बांधा. अपलोडचा फोल्डर व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या कायमच्या जागेवर) नसेल तर कंटेनर नव्याने उभा राहताच फोटो गायब होतात. आणि स्ट्रॅपी किंवा पेलोडचं पॅनल पहिल्यांदा उघडणारा माणूसच अॅडमिन होतो, तेव्हा डोमेन जोडण्याआधी स्वतःचं खातं करून घ्या.

नव्या माणसाला स्ट्रॅपीत आधी 403 (परवानगी नाही) भेटतो, कारण पब्लिक रोलला, म्हणजे लॉगिन न केलेल्याला, काहीच वाचता येत नाही. ते सोडवलं की फोटो येत नाहीत, कारण पॉप्युलेट (जोडलेला डेटाही द्या, असं सांगणं) मागितल्याशिवाय फोटो आणि रिलेशन मिळत नाहीत. चौथ्या आवृत्तीचे धडे बघून पाचवी चालवली तर कोड उत्तरात ‘अॅट्रिब्यूट्स’ हा थर शोधत बसतो. पाचवीत तो थर काढून टाकलाय.

मराठी मजकूर

देवनागरी अक्षराला यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) 3 बाइट लागतात, म्हणून ते मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ-8 मध्येही मावतं. इमोजीला 4 लागतात, तिथे अडतं. म्हणून सुरुवातीलाच यूटीएफ8एमबी4 ठेवा. लॅटिन-1 च्या (फक्त युरोपीय अक्षरांच्या) टेबलात मराठी गेली तर नुसती प्रश्नचिन्हं उरतात. पानाचा पत्ता देवनागरी शीर्षकातून आपोआप बनेल या भरवशावर राहू नका. रोमन अक्षरांचं वेगळं फील्ड ठेवा आणि ते हाताने भरा.

मराठी-इंग्रजी दोन्ही हवं असेल तर स्ट्रॅपी आणि पेलोडमध्ये फील्डनिहाय ठरवता येतं: नाव भाषेप्रमाणे वेगळं, दर आणि साइज एकच. डायरेक्टस भाषांतरं वेगळ्या टेबलात ठेवतो, त्यामुळे उत्तर एक पातळी आत येतं. पेलोडमध्ये हे पहिल्याच दिवशी ठरवा. डेटा भरल्यावर एखादं फील्ड भाषानिहाय केलं तर साठवण्याची रचनाच बदलते आणि आधीचा मजकूर हातचा जातो.

‘पॅनलवर दर बदलला, साइटवर जुनाच’ ही तक्रार बहुतेक वेळा स्थिर (आधीच बनवून ठेवलेल्या) पानांची असते. सेव्ह झालं की फ्रंटएंड पुन्हा बिल्ड व्हायला हवा. स्ट्रॅपीत वेबहुक, डायरेक्टसमध्ये फ्लो, पेलोडमध्ये हुक वापरून हे जोडता येतं.

बॅकअपमध्ये डेटाबेस, अपलोडचा फोल्डर आणि गुप्त किल्ल्यांची एन्व्ह फाइल, तिन्ही घ्या, आणि ते सर्व्हरच्या बाहेर ठेवा. एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. स्ट्रॅपीच्या टोकनचं (फ्रंटएंडच्या एपीआय-किल्लीचं) सॉल्ट, म्हणजे ते टोकन तपासायचा एन्व्ह फाइलमधला गुप्त शब्द, बदललेलं असेल तर पॅनल उघडतं, मजकूरही दिसतो, पण फ्रंटएंडचं जुनं टोकन 401 (ओळख पटली नाही) देतं.