थायलंडला इंग्रजी शिकवायच्या नोकरीच्या नावाखाली माझे १,९३,९०० रुपये गेले, पैसे भरायच्या आधी हे वाचा

आधी आकडे सांगते. रजिस्ट्रेशन ५,९००, टेफल कोर्स (परदेशात इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण) ३८,०००, डॉक्युमेंट आणि अटेस्टेशन २५,०००, व्हिसा आणि वर्क परमिट ८५,०००, आणि जॉइन झाल्यावर परत मिळणार असं सांगितलेलं डिपॉझिट ४०,०००. एकूण १,९३,९००. यातले १ लाख वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिलेत आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

हाव सुटली होती असं आमच्याच घरातले दोन-तीन जण बोलले, म्हणून हे लिहिते. एम.ए. इंग्लिश, मग बी.एड., आणि पवित्र पोर्टलवर भरतीची वाट बघणं म्हणजे काय ते बी.एड. झालेल्यांना सांगायला नको. गावाजवळच्या इंग्लिश मिडियम शाळेने ९ हजार सांगितले, तेही सुट्टीतला पगार नाही. तासिका तत्त्वावर कॉलेजला गेलं तर मानधन सहा-सहा महिने लटकतं. अशात पुण्यातलं एक ऑफिस, रिसेप्शन, भिंतीवर परदेशातल्या शाळांचे फोटो, समोर बसलेल्या मॅडम फाडफाड इंग्रजी बोलतायत, पहिल्या पैशांची जीएसटीसकट छापील पावती देतायत, तर कोण संशय घेईल? वडील सोबत होते, त्यांनाही काही खटकलं नाही.

मोडस ऑपरेंडी सगळ्यांना माहितीच आहे, एक हप्ता भरला की पुढचा निघतो आणि आधीचा बुडेल या भीतीने आपण भरत जातो. इंटरव्ह्यू झूमवर झाला, शाळेचे डायरेक्टर म्हणून जे होते त्यांचा कॅमेरा बंद, स्वतःबद्दल सांगा, थायलंड का, कधी येऊ शकता, संपलं. डेमो लेसन मागितलाच नाही. शिकवायच्या नोकरीला शाळा डेमो मागत नसेल तर सावध व्हा, हे लक्षात ठेवा. ऑफर लेटरवर महिना ६०,००० बाट (थायलंडचं चलन). तिकडे एजन्सीमार्फत सरकारी शाळेत लागलेल्यांना साधारण तीस-पस्तीस हजार बाट मिळतात, आणि आपला पासपोर्ट भारतीय म्हटल्यावर बऱ्याचदा त्याहूनही कमी, हे मला नंतर कळलं.

पण ज्या गोष्टीचा आजही संताप येतो ती वेगळीच. व्हिसाचे ८५,००० भरायच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेची वेबसाइट उघडून बसले होते. शाळा खरी आहे, चोनबुरीत आहे, फोन नंबर समोर दिसतोय. मी मॅडमना व्हॉट्सॅपवर विचारलं की एकदा शाळेशी बोलून घेऊ का, तर दोन मिनिटांत उत्तर, "बिलकुल डायरेक्ट कॉन्टॅक्ट करू नका, फाइल रिजेक्ट होते, मागच्या बॅचच्या एका मुलीची झालीय." आणि लगेच दुसरा मेसेज, कंपनीचं करंट अकाउंट ऑडिटमध्ये आहे म्हणून या नंबरवर पाठवा, खाली कुठल्यातरी माणसाचं सेव्हिंग अकाउंट. दोन्ही मेसेज एकाखाली एक, आजही फोनमध्ये आहेत. एक फोन केला असता तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. पण कागदपत्रं त्यांच्याकडे, एवढे पैसे आधीच भरलेले, आणि फाइल रिजेक्ट झाली तर जबाबदार मीच, अशा वेळी माणूस तोंड बंदच ठेवतो आणि त्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

८५,००० गेल्यावर सांगितलं की आधी टुरिस्ट म्हणून जायचं, भारतीयांना व्हिसा लागत नाही, इमिग्रेशनला फिरायला आलोय सांगायचं, बाकी तिकडे करून देऊ. मग पैसे कसले घेतले? थायलंडमध्ये शिकवायला नॉन इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, टुरिस्ट म्हणून जाऊन शिकवणं बेकायदेशीर आहे, पकडलं तर डिपोर्ट तुम्ही होणार, एजंट नाही. शिवाय आपल्यासारख्यांना टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात, त्याचा तर यांनी उल्लेखही केला नव्हता.

आणि मग डिपॉझिट भरून झाल्यावर निरोप, चोनबुरीची जागा भरली, माए सोतला जावं लागेल. नकाशात बघितलं तर म्यानमारच्या बॉर्डरवर, नदीपलीकडे म्यावाडी. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाने लोकांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फ्रॉडच्या कामाला जुंपतात हा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच दिला होता, आणि मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून आणावं लागलं. मी नाही म्हणाले आणि त्याच दिवशी चोनबुरीच्या शाळेला फोन लावला. एका फिलिपिनो शिक्षिकेने उचलला, म्हणाली आम्ही भारतात कुणाला भरतीचं काम दिलेलंच नाही, असे फोन आधीही आलेत. नाही म्हटल्यापासून मॅडमचा नंबर बंद.

आता पोलीस. आमच्या तालुक्याच्या पोलीस स्टेशनला सांगितलं, ऑफिस पुण्यात आहे, पुण्याला जा. पुण्यात सांगितलं, पैसे गावाकडच्या बँकेतून गेलेत, तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नवीन कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर. मी हे साहेबांना सांगितलं तर म्हणाले, मॅडम आम्हाला कायदा शिकवू नका, हे सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत. आणि वर वडिलांसमोर विचारलं, एकट्या मुलीला परदेशात जायची एवढी घाई कशाला? वडील तेव्हापासून पोलीस स्टेशनला यायलाच तयार नाहीत. चोरी झालेल्याला कुणी विचारतं का की घरात सोनं कशाला ठेवलं? शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का मारायला दुपार घालवली. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच टाकला, आम्ही काही करू शकत नाही. ऑनलाइन तक्रारीचं स्टेटस बघावं तेव्हा अंडर प्रोसेस. ज्या अकाउंटला पैसे गेले त्याचा नंबर मी लिहून दिलाय, नाव दिलंय, चॅट दिलंय, अजून काय शोधून द्यायचं मी?

पैसे गेले कळलं की त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पोलीस स्टेशनच्या चकरा नंतर. उशीर झाला की अकाउंट रिकामं होतं.

परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटला केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, ई मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, तिथेच बेकायदेशीर एजंटांचीही आहे. लायसन्स असलेल्यालाही ३०,००० आणि त्यावर जीएसटी याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवावर ५०० रुपयांत होतं. कागदपत्रांच्या अटेस्टेशनला परराष्ट्र मंत्रालयाची फी नाममात्र असते, मी २५,००० भरले. ओरिजिनल डिग्री कुणाच्या हातात देऊ नका, माझं बी.एड.चं सर्टिफिकेट परत मिळवायला वेगळा त्रास झाला. शंका असेल तर १८०० ११ ३०९० हा परराष्ट्र मंत्रालयाचा टोल फ्री नंबर आहे, जायच्या आधी विचारा.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय, राहत्या जिल्ह्यात टाकता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. पुण्यातल्या त्या ऑफिसच्या जागी आता नवीन बोर्ड लागलाय, व्हिएतनामच्या नोकऱ्यांचा. कुणी तिथे पैसे भरले असतील तर पावत्या आणि चॅटचे स्क्रीनशॉट आजच दुसरीकडे सेव्ह करा आणि मला मेसेज करा, चार जणांचे अर्ज एकत्र गेले तर सिव्हिल मॅटर म्हणून हाकलून देणं पोलिसांना जड जाईल.