वेळासचा कासव महोत्सव आणि तिथली घरगुती राहायची सोय, यंदा जाणार असाल तर आधी हे वाचा

फेब्रुवारी संपत आला की सगळ्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, वेळासला कधी जायचं, कासवाची पिल्लं नक्की दिसतात का, राहायचं कुठे, हॉटेल आहे का चांगलं. तर हॉटेल नाहीये, आणि माझ्या मते तीच तिथली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. मी गेली काही वर्षं सीझनला जातेय, कधी मैत्रिणींबरोबर, कधी घरच्यांना घेऊन, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहून टाकते म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं अगदी उत्तरेचं टोक, मंडणगड तालुका, बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे. नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच. नारळ-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारी एकच अरुंद पाखाडी, दोन्ही बाजूंना घरं, आणि गावापासून थोडं चालत गेलं की सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. पूर्वी ही अंडी लोक उकरून न्यायचे, खायचे, विकायचे, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इथे संवर्धन सुरू केलं आणि गावातल्याच पोरांना त्यात घेतलं, मग २००६ पासून पिल्लं समुद्राकडे सोडताना लोकांना बघता यावं म्हणून महोत्सव सुरू झाला. पाहुणे आले की राहणार कुठे, तर गावातल्या घरांत. कासव वाचलं तर पाहुणा येणार, पाहुणा आला तर घरात चार पैसे येणार, असं ते सरळ गणित आहे आणि ते इतकी वर्षं टिकलंय. आता वनविभाग, गाव आणि तिथले कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारी मुलं, मिळून सगळं बघतात.

आता राहण्याबद्दल. आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्या घराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एकाच घराचं नाव फिरलं की सगळे तिथेच फोन करतात आणि बाजूची घरं रिकामी राहतात, आणि तसंही एक घर भरलं की त्या काकू स्वतःच शेजारच्या वहिनींकडे पाठवतात, सोय सगळीकडे साधारण सारखीच आहे. दर माणशी असतो आणि त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा सगळं आलं. झोपायला माजघर किंवा ओटी किंवा मागे बांधलेली मोठी खोली, खाली गाद्या, स्वच्छ चादरी, वर पंखा. एसी विचारू नका. बाथरूम घराच्या मागे, कॉमन, पण चकाचक, सकाळी गरम पाणी मिळतं, फक्त सगळ्यांना एकदमच आंघोळीला जायचं असल्याने नंबर लावावा लागतो. ज्यांना स्वतंत्र रूम आणि अटॅच्ड बाथरूमशिवाय जमतच नाही त्यांनी आधी फोनवर स्पष्ट विचारावं, काही घरांनी तशा खोल्या काढल्यात पण त्या थोड्याच आहेत आणि लवकर भरतात.

जेवणाबद्दल मात्र मी कितीही लिहू शकते. आमच्या काकूंकडे सगळं शाकाहारी, आणि मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ मिळते जी मुंबई-पुण्यात शंभर ठिकाणी खाल्ली तरी या चवीची नाही मिळत, कारण काजू त्याच सकाळी सोललेले असतात, सोलणाऱ्या बाईंची बोटं चिकाने काळी पडलेली दिसतात आणि मग पानातली उसळ टाकायची हिंमत होत नाही. कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार, ताजी सोलकढी, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. मोदक ताटात मोजून वाढत नाहीत, "अहो ताई, एवढ्या लांबून आलात आणि दोनच घेताय?" असं म्हणून तिसरा पडतोच, वर तूप. नाश्त्याला घावन-चटणी किंवा गरम पोहे, पिल्लं बघून समुद्रावरून परत आलात की लगेच समोर. जेवायच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या पाळा प्लीज, घरातल्या बायका पहाटेपासून उभ्या असतात, रात्री साडेदहाला येऊन "जरा काहीतरी गरम मिळेल का" हे बरं दिसत नाही.

मुख्य गोष्ट, पिल्लं. रोज सकाळी साधारण सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावर जमायचं. सीझनभर कासवमित्र रात्री-पहाटे किनारा चालत घरटी शोधतात, सापडलेली अंडी, एका घरट्यात शंभरेक तरी असतात, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून परत पुरतात आणि त्यावर पाटी लावतात, अंडी कधीची, किती. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली उपडी ठेवतात. मग सगळे दोरीच्या मागे शांत उभे, आणि कासवमित्र दादा एकेक टोपली उचलून बघतो. कधी टोपलीखाली नुसती वाळू. आणि कधी टोपली उचलतो आणि खाली काळीकाळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर वळवळत असतात, एवढीशी, तळहातावर दोन मावतील, डोळ्यांवर वाळू. ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, उचलून पाण्यात टाकत नाहीत, तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. पहिली लाट येते, तीनचार पिल्लं उलटी होऊन मागे येतात, परत सरळ होतात, परत चालायला लागतात. माझ्या सासूबाई, ज्या एरवी "हे काय बघायचंय एवढं" म्हणत होत्या, त्या दोरीला धरून "जा रे बाळा, जा" म्हणत उभ्या होत्या.

हजारातलं एखादंच मोठं होतं असं तिथे सांगतात, आणि जगलेली मादी साधारण त्याच भागातल्या किनाऱ्याकडे अंडी घालायला परतते. २०२२ च्या जानेवारीत याच वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीला सॅटेलाइट टॅग (ती कुठे फिरते ते कळावं म्हणून) लावून समुद्रात सोडलं होतं, पश्चिम किनाऱ्यावरची पहिलीच म्हणून नाव ठेवलं प्रथमा. आणि कधी उलटंही होतं, ओडिशात २०२१ ला टॅग केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत चक्क गुहागरला येऊन अंडी घालून गेली. किनाऱ्यावर उभं राहून कासवमित्राकडून हे ऐकताना वेगळंच वाटतं, त्यामुळे नुसते फोटो काढून पळू नका, त्यांना प्रश्न विचारा, ती मुलं इतकं जीव तोडून सांगतात. आमच्याबरोबरच्या एका लहान मुलाने विचारलं की पिल्लू मुलगा की मुलगी कसं कळतं, तर बाहेरून कळत नाही पण ते वाळू किती तापली यावर ठरतं, जास्त ऊब असेल तर माद्या जास्त, हे त्याला पाच मिनिटं नीट बसून समजावलं.

पिल्लं दिसतीलच याची गॅरंटी कोणी देत नाही आणि देऊही शकत नाही. आम्हाला एकदा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला काही मिळालं नाही आणि दुसऱ्या सकाळी एकाच घरट्यातून भरपूर निघाली. म्हणून माझं म्हणणं, एक रात्र पुरेशी नाही, दोन रात्री राहा. तारखाही दरवर्षी वेगळ्या असतात, पहिली घरटी कधी झाली त्यावर, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी घरमालकांना फोन करून "सध्या किती घरटी आलीत" हे विचारा, ते खरं सांगतात, "ताई, या आठवड्यात नका येऊ, पुढच्या आठवड्यात दिवस भरतायत" असं सांगून स्वतःचं बुकिंग पुढे ढकलणारी माणसं मी तिथेच बघितली.

आता जे खटकलं ते. शनिवार-रविवारी गर्दी प्रचंड असते. गेल्या सीझनला एक मोठा टूर ग्रुप आला होता, नाव लिहीत नाही, त्यांच्या लीडरने कोणाला काही सांगितलेलंच नव्हतं, लोक दोरीच्या पुढे जात होते, मोबाईलचे फ्लॅश, एक जण तर पिल्लाला हात लावायला खाली वाकला. ही पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, संध्याकाळी मागून टॉर्च किंवा फ्लॅश मारला की ती समुद्र सोडून उलटी फिरतात, आणि कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, हात लावायचा प्रश्नच येत नाही. कासवमित्र हात जोडून सांगत होते आणि मला खरंच वाईट वाटलं. जमलं तर सोमवार ते गुरुवार जा, दोरीजवळ मोजकी माणसं असतात, मुलांना पुढे बसता येतं. नाहीतर टूरवाल्यांकडून जाताना त्यांना आधीच विचारा की किनाऱ्यावरचे नियम सांगता का.

एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते, हाच सीझन शिमग्याचा असतो. होळी झाली की ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, मुंबईचे चाकरमानी गावात आलेले असतात, आणि त्या दिवसांत बरीच घरं बुकिंग घेत नाहीत. आमच्या काकूंनी एका वर्षी सरळ सांगितलं, "त्या दिवशी पालखी आमच्याकडे आहे, पाहुण्यांचं करायला मला सवड नाही, पण तुम्ही आमच्या म्हणून आलात तर या." आम्ही गेलो. अंगण सारवलेलं, रांगोळी, पालखी अंगणात आली, ढोल सुरू झाला, पालखी खांद्यांवर नाचवली, मग काकूंनी ओटी भरली, गाऱ्हाणं घातलं. जर घरच्यांनी बोलावलं तर अजिबात सोडू नका, आणि नाही बोलावलं तर तो दिवस त्यांचा आहे, हट्ट करू नका. पाडव्याला आणि रामनवमीलाही हेच, आधी विचारून मगच तारीख धरा.

जायचं कसं हे थोडक्यात. मुंबईहून किंवा ताम्हिणीतून पुण्याहून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालायची, पलीकडे वेसवी, मग बाणकोटवरून वेळास. खाडी ओलांडायला थोडाच वेळ लागतो पण सुट्टीच्या दिवशी गाड्यांची लाईन मोठी असते आणि शेवटची बोट चुकली तर फार लांबचा वळसा पडतो. ज्यांना बोट नको त्यांनी मंडणगडवरून यावं, एसटीने येणाऱ्यांनाही मंडणगडच सोयीचं. मधल्या वेळेत बाणकोटचा किल्ला बघा, हिंमतगड, वरून खाडीचं मुख मस्त दिसतं. आंजर्ल्यालाही कासव महोत्सव असतो आणि तिथे राहायचे पर्याय जास्त आहेत, आजी-आजोबा बरोबर असतील आणि कमोडवाली स्वतंत्र खोली हवीच असेल तर आंजर्लं बघा, पण गावाच्या घरात राहायचं असेल तर वेळास.

माझ्याकडून जेवणाला पाचपैकी पाच, माणसांना पाच, राहण्याला साडेतीन कारण गर्दीच्या दिवशी बाथरूमची लाईन आणि रात्री डास, ओडोमॉस न्याच. किनाऱ्यावरच्या व्यवस्थेला मधल्या वारी पाच आणि शनिवार-रविवारी तीन, यात कासवमित्रांचा काही दोष नाही, माणसं कमी पडतात त्यांना. रोख पैसे बरोबर ठेवा, रेंज मिळेलच असं नाही त्यामुळे जीपेवर अवलंबून राहू नका. संध्याकाळी गावात परतायला अंधार होतो, टॉर्च लागेल, तो किनारा सोडल्यावरच लावा. आणि निघताना काकूंकडून आमसुलं आणि कुळथाचं पीठ विकत घ्या, त्या स्वतःहून सांगत नाहीत पण विचारलं की आतून डबा आणतात.