'कुत्रा, नग एक': मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याच्या खरेदीत झालेली फसवणूक

चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ परवा एका जाहिरातीत पुन्हा दिसला, म्हणून हे लिहायला बसलो आहे. काळ्यापांढऱ्या रंगाचा एक कुत्रा मेंढ्यांच्या मागून चालत येतो, मेंढ्या मुकाट्याने फाटकातून आत शिरतात, कोणीतरी शिट्टी वाजवते आणि चित्र तिथेच संपते. दीड वर्षापूर्वी याच व्हिडिओच्या जोरावर मला 'पूर्ण शिकवलेला बॉर्डर कोली' विकण्यात आला होता. या खेपेच्या जाहिरातीत त्याच कुत्र्याची जात 'केल्पी' झाली आहे.

गुडघ्याच्या दुखण्यामुळे कळपामागे धावणे मला जमेनासे झाले होते, आणि गरजवंताला अक्कल नसते, तसे माझे झाले. विक्रेत्याचे म्हणणे असे की कुत्रा दोन वर्षांचा आहे, दिवसा मेंढ्या वळतो आणि रात्री त्यांच्यातच बसून लांडग्यांपासून राखण करतो. खरे तर हे वाक्य ऐकताच मी व्यवहार थांबवायला हवा होता. मेंढ्या वळणारा कुत्रा हा मुळात आवरलेला शिकारी असतो. रोखून पाहणे, दबकत पुढे सरकणे, पाठलाग करणे आणि चावून मारणे ही जी शिकारीची साखळी आहे, तिच्यातल्या पहिल्या कड्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने ठळक झालेल्या आणि शेवटच्या दबून गेलेल्या असतात. राखणदार जातींचे, म्हणजे ग्रेट पिरेनीज, मारेम्मा, कंगाल यांचे, याच्या अगदी उलट असते. त्यांच्यात मेंढ्यांच्या बाबतीत ही साखळी सहसा उमटतच नाही, आणि पिल्लूपणापासून मेंढ्यांमध्येच वाढवल्यामुळे तो कळप त्यांना आपलेच गणगोत वाटतो. ज्याच्या नजरेच्या धाकाने दिवसभर चालायचे, त्याच्याच अंगाला टेकून मेंढीने रात्री निवांत रवंथ करावा, ही अपेक्षा मी कशी काय बाळगली, याचे आज मलाच नवल वाटते.

माझी खात्री पटली ती वंशावळीच्या कागदाने. 'हा थेट ओल्ड हेम्पच्या वंशातला आहे,' असे विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. ओल्ड हेम्प हा इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड भागात ॲडम टेलफर यांच्याकडे 1893 मध्ये जन्मलेला कुत्रा. आरडाओरडा न करता केवळ नजरेच्या जोरावर मेंढ्या हलवण्याची त्याची शैली पुढे बॉर्डर कोलीची ओळखच बनली. गंमत अशी की आजच्या बहुतेक साऱ्या बॉर्डर कोलींची वंशावळ मागे नेली तर ती त्याच्यापाशीच पोहोचते. म्हणजे विक्रेता इथे खोटे बोलत नव्हता, तर जे जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत खरे आहे तेच खास म्हणून माझ्या गळ्यात मारत होता. त्या कागदावर चार ठिकाणी 'विजेता' असा शब्द होता. ती विजेतेपदे प्रदर्शनातली होती, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. मेंढ्या वळण्याच्या स्पर्धा ही वेगळीच गोष्ट आहे. वेल्समधल्या बाला येथे 1873 मध्ये अशी स्पर्धा झाली होती, 1906 मध्ये आंतरराष्ट्रीय मेंढपाळ-कुत्रा संस्था स्थापन झाली, आणि या परंपरेत कुत्र्याचे मोल त्याच्या कामावरून ठरत आले आहे. प्रदर्शनात मात्र केस, कान, बांधा आणि चाल पाहतात. देखण्या आईबापांच्या पिल्लाला मेंढी दिसताच काय करावे हे कळेलच, याची हमी असा कागद देत नाही.

अर्धी रक्कम मी इसार म्हणून आधीच देऊन बसलो होतो, कारण 'दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे' असे मला सांगण्यात आले होते. उरलेली रक्कम कुत्रा ताब्यात घेताना दिली, आणि तो ताबाही दिवस मावळताना, रस्त्याच्या कडेला, गाडीतल्या पिंजऱ्यातून मिळाला. पावतीवर लिहिले होते, 'कुत्रा, नग एक'. त्या चिठ्ठीत ना जात होती, ना वय, ना शिकवणीचा उल्लेख. ती चिठ्ठी मी घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याला कुरणात सोडले. शिकलेला कुत्रा अशा वेळी मेंढ्यांवर चालून जात नाही. तो नासपतीच्या फळासारखा, पुढे रुंद होत जाणारा वळसा घेऊन लांबून त्यांच्या पाठीमागे पोहोचतो, तिथे थबकतो, मग इतक्या बेताने पुढे सरकतो की मेंढ्या न बिचकता चालू लागतात, आणि सरळ रेषेत त्यांना मालकाकडे घेऊन येतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाण्यासाठी 'कम बाय' आणि उलट दिशेसाठी 'अवे' या हाका विक्रेत्याने मला घोकून घ्यायला लावल्या होत्या. मी 'कम बाय' म्हणालो. कुत्र्याने माझ्याकडे पाहिले, शेपटी हलवली आणि भुंकत सरळ कळपाच्या मधोमध घुसला. मेंढ्या चहूकडे पांगल्या. एका गाभण मेंढीच्या मागच्या पायाला त्याने खालून, टाचेच्या वर, धरले आणि तिची लाथ बसण्याआधी तो जमिनीसरसा झाला. पुन्हा उठून पुन्हा धरले. त्या दिवशी मला थोडी लोकर उपटलेली तेवढी दिसली. दुसऱ्या दिवशी मेंढी लंगडू लागली, तेव्हा त्या पायावरची लोकर बाजूला केल्यावर सुळ्यांची दोन खोल भोके सापडली आणि त्यांच्याभोवतीची कातडी सुजून गरम झाली होती. ज्यांच्या मेंढ्यांना कुत्रा झोंबला असेल त्यांनी लोकर दूर सारून कातडी पाहावी. वरून काहीच कळत नाही.

यानंतर फोनवर जे संभाषण झाले तोच या फसवणुकीचा खरा गाभा आहे. कुत्रा भुंकतो असे मी सांगितले, तर उत्तर आले की हा हंटअवेचा गुण आहे. न्यूझीलंडच्या विस्तीर्ण डोंगरउतारांवर हंटअवे कुत्रे भुंकूनच कळप हलवतात, हे खरे आहे. तो मेंढ्यांच्या अंगावर जातो असे म्हटले, तर 'केल्पी तर मेंढ्यांच्या पाठीवरून धावतो' असे ऐकवले. हेही खरे, परंतु ऑस्ट्रेलियातले केल्पी ते करतात दाटीवाटीच्या कोंडवाड्यात, जिथे पुढची मेंढी अडली की मागच्या साऱ्या अडतात, मोकळ्या कुरणात नव्हे. तो कळपाच्या कडेकडेने नुसता धावत राहतो असे सांगितले, तेव्हा जर्मन शेफर्ड निघाला. बिनकुंपणाच्या शेतातले उभे पीक आणि चराईची पट्टी यांच्या सीमेवर येरझाऱ्या घालून जिवंत कुंपण बनणे हे त्या जातीचे जुने काम आहे, पण माझ्याकडे ना तसे पीक होते ना तशी पट्टी. प्रत्येक दोषाला त्याच्यापाशी एका जातीचे नाव तयार होते, आणि सांगितलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याच्या बाबतीत खरी होती. शेवटी थोडी रक्कम आणखी भरल्यास 'अस्सल हंटअवे' बदलून देण्याची तयारीही त्याने दाखवली. त्या क्षणी मात्र माझे डोळे उघडले.

पशुवैद्यांनी कुत्र्याच्या मानेवरून यंत्र फिरवले आणि कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक वाचला. कागदावरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वेगळे होते. म्हणजे कागद दुसऱ्याच कुत्र्याचा होता. पायांवरचे राखी ठिपके, रुंद डोके आणि टाच धरून खाली दबण्याची मी सांगितलेली लकब यांवरून त्यांना ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगचा संकर वाटला, मात्र नुसत्या रूपावरून संकराची खात्री देता येत नाही, असेही त्यांनी बजावले. कॅटल डॉग घडवला गेला तो अडेल गुरे हाकण्यासाठी. गुरांच्या टाचेला जो चिमटा पुरतो, तोच मेंढीला जखमी करतो. त्या बिचाऱ्याचा दोष एवढाच की तो आपल्या रक्तातले काम चुकीच्या जनावरांवर करत होता. विक्रेत्याने सोबत दिलेली जंताच्या औषधाची बाटलीही त्यांनी बाजूला ठेवायला लावली, कारण तिच्यात आयव्हरमेक्टिन होते आणि कोली कुळातल्या काही कुत्र्यांमधल्या आनुवंशिक दोषामुळे, मेंढीला चालणारी त्याची मात्रा त्यांच्या जिवावर बेतू शकते.

घरी येऊन तो व्हिडिओ मी थांबवत थांबवत पाहिला. त्यातल्या कुत्र्याचा डावा पुढचा पाय कोपरापर्यंत पांढरा होता. माझ्या कुत्र्याचा फक्त पंजा पांढरा आहे. बाराव्या सेकंदाला फाटकाच्या आतल्या बाजूला एका माणसाचा हात आणि त्या हातात खुराकाची बादली दिसते. मेंढ्या कुत्र्यापुढे चालत नव्हत्या, त्या बादलीकडे धावत होत्या. कुत्रा मागे नसता तरी त्या त्याच फाटकातून तितक्याच लगबगीने आत गेल्या असत्या. जाहिरातीत ती बादली आजही तशीच आहे, ज्यांना तो व्हिडिओ पाठवला जाईल त्यांनी उजवा कोपरा पाहावा.

तक्रार केली, पण पावतीपुढे तिचे काही चालले नाही. मला एक कुत्रा विकला गेला होता आणि एक कुत्रा मिळाला होता.

तो कुत्रा आता गुरे पाळणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबात आहे आणि तिथे त्याचे बरे चालले आहे. गेल्या महिन्यात मी दुसऱ्या खेपेला एक कुत्री घेतली, ती विकणाऱ्याने मला माझ्याच आठ मेंढ्या घेऊन यायला सांगितले, कारण ओळखीच्या मेंढ्या कुत्र्याशिवायही वाट धरतात, असे तो म्हणाला. रात्रीच्या राखणीचे विचारताच त्याने सरळ नकार देऊन त्यासाठी वेगळा कुत्रा पाहायला सांगितले. अनोळखी कुरणाच्या मध्यावर मेंढ्या सोडल्या. कुत्री लांबचा वळसा घेऊन त्यांच्या मागे गेली आणि गवतात पोट टेकून बसली. माझी सगळ्यात बुजरी मेंढी मान वर करून तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग हळूच वळून आमच्या दिशेने चालू लागली. पावती मी त्यानंतर लिहून घेतली: जात, जन्मतारीख, चिपचा पूर्ण क्रमांक आणि ती ज्या हाकांना प्रतिसाद देते त्या पाचही हाका.